शुक्रामामाची फटाकडी

आमच्या आश्रमशाळेत पिस्तूल आहे असं बाहेर कुठे सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग दाराकडे. म्हणून आधीच सांगून टाकते. हे पिस्तूल शर्यती सुरू करायचं. दिसायला खरं, काळं आणि ओबडधोबड, फिरत्या चक्रीत सहा भोकं, पण नळी पुढून बुजवलेली. त्यातून गोळी सुटत नाही, नुसता आवाज निघतो. १९८९ साली तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ते मुंबईहून आणलं, दुकानात होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त. त्यात भरायच्या बारक्या टोप्यांना आम्ही मुलं फटाकडी म्हणायचो, आणि हळूहळू पिस्तुलाचंच नाव फटाकडी पडलं.

पिस्तूल शाळेचं, पण ते सांभाळलं शुक्रामामाने. मामा आमच्या शाळेचा शिपाई होता, आता निवृत्त. तलासरीपासून चार कोसांवर त्याचा पाडा, आणि पाड्यापासून हाकेच्या अंतरावर शाळा. मी वर्षा. याच शाळेत पहिलीपासून शिकले, आणि आता इथेच खेळ शिकवते. वय बेचाळीस, डावा गुडघा कुरकुरणारा. राग माझ्या नाकावर असतो असं मुली म्हणतात, आणि मुली सहसा खोटं बोलत नाहीत.

गेल्या जानेवारीत शाळेला बॅटरीवर चालणारा भोंगा मिळाला. बटण दाबलं की मागे येणाऱ्या टेम्पोसारखा पी पी करतो. भोंगा आला तशी जुन्या सामानाची यादी करायचा हुकूम आला. फुटके डंबेल्स, वाळवी लागलेली उंच उडीची काठी, हवा न धरणारे व्हॉलीबॉल. खेळाचं कपाट माझ्याकडे, त्यामुळे यादी माझ्याच अक्षरात झाली. शेवटची ओळ होती, ‘पिस्तूल, शर्यतीचे, नादुरुस्त, नग एक.’ सोमवारी टेम्पो येऊन सगळं घेऊन जाणार होता.

शनिवारी सकाळची शाळा. घंटा झाली, मुलं जेवायला गेली, आणि मी कपाटातून पिस्तूल काढून कापडी पिशवीत घातलं. सोबत टोप्यांचा जुना डबा. हलवून पाहिला तर आत तीनच टोप्या उरलेल्या. तशीच मामाच्या पाड्याची वाट धरली. का गेले ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. घरातलं म्हातारं माणूस परगावी न्यायचं ठरलं की आधी सगळ्यांना भेटवून आणतात, तसं काहीसं म्हणा.

मामा अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होता. सत्तरीचा झाला आहे. दोन वर्षांपूर्वी, सगळे नको नको म्हणत असताना ताडावर चढला आणि वरून पडला. तेव्हापासून उजवा खांदा धरलेला, हात कानाच्या वर जात नाही. आणि उजव्या कानाने ऐकू तर त्याच्याही आधीपासून येत नाही. पंचवीस वर्षं कानाजवळ फटाकडी वाजवल्यावर दुसरं काय होणार. डावा कान थोडा बरा, पण तोही आपल्या मर्जीने चालतो. काळीमामी, म्हणजे त्याची बायको, त्याच्याशी बोलते ती साऱ्या पाड्याशी बोलल्यासारखी.

मी पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्याने शेंगा बाजूला सारल्या, हात धोतराला पुसले, चक्री फिरवली, घोडा मागे ओढून अंगठ्याने हळूच खाली सोडला.

“सोमवारी जाणार,” मी त्याच्या डाव्या कानाशी ओरडले. “मोडीत.”

“वाजत नाय म्हणून?”

“वाजत नाही, आणि आता भोंगा आला.”

मामाने चक्री पुन्हा एकदा फिरवली. मग म्हणाला, “मंग उद्या वाजवू.”

“कोणासाठी?”

“तुझ्यासाठी. तुझी एक रेस राहिली हाय.”

आमच्यात सत्तावीस वर्षांत ही गोष्ट कधी निघाली नव्हती. मी तोंड फिरवून वालाच्या शेंगांकडे बघत बसले. ती रेस कोणती हे कळायला आधी मामा कळायला हवा.

शुक्रा १९८४ साली शाळेच्या बांधकामावर दगड वाहायला आला. बांधकाम संपलं, मजूर आपापल्या वाटेने गेले, हा राहिला, कारण मुख्य दाराचं कुलूप त्याच्याशिवाय कोणाला उघडत नव्हतं. किल्ली लावून दारावर कोपराने एक ठोसा द्यावा लागे, आणि तो नेमका कुठे द्यायचा हे फक्त त्याला ठाऊक. असा माणूस दारात ठेवलेला बरा, म्हणून त्याला शिपाई केलं असं जुने गुरुजी सांगत. हे कुलूप त्यानेच बिघडवलं होतं का, अशी शंका मी त्याला एकदा बोलून दाखवली होती. तेव्हाही त्याला नेमकं ऐकू आलं नाही.

शाळेतलं काहीही मोडलं की मामाकडे. पाण्याचा पंप, खाटांच्या पट्ट्या, स्वयंपाकघरातल्या झाऱ्याचा दांडा, आमच्या चपलांचे अंगठे. त्याची हत्यारं तेलाच्या रिकाम्या डब्यात असत. त्यातल्या लोखंड घासायच्या कानशी त्याने विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेतून एकेक करून जमवलेल्या. बाकीचे जत्रेत पाळण्यात बसायचे, हा लोहारांच्या पालांपुढे बसायचा. नवी वस्तू मागवायची ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसतच नसे. छत्री मोडली तर कापडाची पिशवी होई आणि काड्या डब्यात जात.

पण त्याचा जीव फटाकडीवर. ती त्याच्या सहीवर होती आणि तो ती दुसऱ्याच्या हातात देत नसे, खेळाच्या सरांच्याही नाही. सर फक्त शिट्टी वाजवायचे. शर्यतीच्या दिवशी मामा धुतलेला खाकी सदरा घालून, डोक्याला लाल रुमाल बांधून, चुन्याच्या रेषेच्या टोकाला उभा राहायचा. “आनवरमार!” म्हणून ओरडायचा, मग “गेसेट!” आणि मग हात सरळ आभाळात. त्याची एक खोड होती. आवाज झाल्यावर तो हात खाली घेत नसे. शेवटची पोर पोचेपर्यंत हात तसाच वर. आम्ही विचारलं तर म्हणाला, “मी सोडल्या ना तुम्हाला? मंग पोचेपर्यंत मी जागा कशी सोडू?” आमच्यात एक मुलगी फारच हळू धावायची, बारकी. ती पोचेपर्यंत मामाच्या हाताला मुंग्या यायच्या. पण हात काही खाली यायचा नाही.

दरवर्षी डहाणूला आमच्या आदिवासी विकास प्रकल्पातल्या सगळ्या आश्रमशाळांचे सामने भरत. तिथेही आमचीच फटाकडी मागवली जाई, कारण ती हमखास वाजे, आणि फटाकडीबरोबर मामा. एका वर्षी एस.टी.तून जाताना वाटेत नाक्यावर पोलिसांनी झडती घेतली आणि मामाच्या थैलीतून पिस्तूल निघालं. अख्खी गाडी सीटखाली. मामाने मुख्याध्यापकांचं पत्र दाखवलं, पण साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा मामा म्हणाला, वाजवून दाखवतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून, आधी “आनवरमार, गेसेट” म्हणून त्याने वाजवलं. शेजारी बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली आणि साहेबांना ती धरायला माणसं पाठवावी लागली. ही गोष्ट मामा शंभरदा सांगत असे. शेवट ठरलेला. “साहेब घाबरला का नाय ते कळत नाय. पन म्हस खोटं बोलत नाय.”

आता ती रेस.

फटाकडीच्या टोप्या मुंबईहून येत, वर्षातून एक डबा. सरावात त्या उडवल्या तर सामन्याला काय उरणार? म्हणून मामाने शक्कल काढली. सराव रिकाम्या पिस्तुलावर. आनवरमार, गेसेट, आणि मग नुसता घोडा पडल्याचा आवाज, कट. आम्ही त्या कटवर सुटायचो. वर्षभर, रोज सकाळी, वीस-पंचवीस वेळा. आमचे कान असे तयार झाले की स्वयंपाकघरात कोणी कडी लावली तरी पाय उचलले जात. डहाणूला दुसऱ्या शाळांच्या मुली मोठ्या आवाजाने दचकून मग सुटायच्या. आम्ही आवाजाच्या पोटातला कट धरायचो आणि पाऊलभर आधीच पुढे असायचो. मामाच्या काटकसरीने आम्हाला जिंकवलं, हे मी आजही मानते. पण रिकामा घोडा रोज रोज आपटला की आतली पिन झिजते, हे तेव्हा आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

डिसेंबर १९९८. मी दहावीत होते. दोनशे मीटरची शेवटची फेरी, डहाणूचं मैदान, पलीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्यावर ओळीने कावळे. सकाळपासून नऊ शर्यती झाल्या होत्या आणि दर वेळी आवाज झाला की कावळे उडायचे, एक चक्कर मारून परत बसायचे. पहिली येणारी नाशिकला जाणार होती. तिथे जी चमकेल तिला खेळाच्या वसतिगृहात घेणार असं सर म्हणाले होते. माझे वडील तेव्हा नरपडला चिकूच्या वाडीत कामाला होते. त्या दिवशी खाडा करून मला बघायला आले होते.

आनवरमार. गेसेट. कट.

मी सुटले. मी एकटीच. टोपी फुटलीच नव्हती. बाकीच्या सात जणी आवाजाची वाट बघत ओणव्याच राहिल्या आणि मी दोनशे मीटर जीव तोडून धावले. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, थांब, परत ये. शेवटची दोरी कोणी धरली नव्हती तरी मी छाती पुढे काढून रेष ओलांडली. मग हशा ऐकू आला. पंच भले माणूस होते. त्यांनी मला बाद केलं नाही, पाच मिनिटं बसू दिलं आणि शर्यत पुन्हा घेतली. या वेळी फटाकडी वाजली. पण माझ्या पायांतलं होतं नव्हतं ते संपलं होतं. मी चौथी आले. वडील संध्याकाळच्या गाडीने नरपडला निघून गेले.

बारकी तेव्हा रेषेजवळ उभी होती. तिने मला नंतर सांगितलं, सगळे तुला परत बोलावत होते, फक्त मामा हात वर धरून उभा होता. तू पोचलीस तेव्हा त्याने हात खाली घेतला.

मी नाशिकला गेले नाही. वसतिगृहातही नाही. बारावी केली, खेळाचं शिक्षण घेतलं आणि फिरून इथेच आले. आयुष्य वाईट गेलं असं म्हणणार नाही, मुली मला घाबरतात आणि माझ्यावर मायाही करतात. पण त्या दिवशी मी जिंकले असते, हे मला ठाऊक आहे. सत्तावीस वर्षांत एकही डिसेंबर असा गेला नाही, की मला ते आठवलं नाही. मामा त्यानंतर सतरा वर्षं शाळेत होता. मी विद्यार्थिनी होते ती बाई झाले. मग आम्ही रोज भेटलो आणि यावर एक शब्द बोललो नाही.

तर त्या शनिवारी अंगणात मामाने आधी तीनपैकी एक टोपी भरली आणि चाप ओढला. कट. टोपी काढून त्याने उन्हात धरली. तिच्यावर जेमतेम ओरखडा उठला होता.

“टोपी चांगली हाय,” तो म्हणाला. “पिन म्हातारी झाली. माझ्यासारखी.”

त्याचा मुलगा जीवन उंबरगावच्या बाजूला कारखान्यात फिटर आहे. मामाने मला त्याला फोन लावायला सांगितलं, म्हण की पिन करायला मोडलेलं ड्रिल घेऊन ये. पहिली पाळी संपवून चारच्या सुमाराला जीवन आला, खिशात बोटाएवढा ड्रिलचा तुकडा. बापाचा उद्योग बघून त्याने कपाळाला हात लावला.

“बाबा, लेथवर पाच मिन्टाचं काम. मॅडम, मी सोमवारी घेऊन जातो, संध्याकाळी आणून देतो.”

“सोमवारी ते जाणार हाय,” मामा म्हणाला. “आनी पाच मिन्टाच्या कामाला मी कशाला लागतो?”

जीवन हसत आत चहा प्यायला गेला. बापाशी वाद घालून उपयोग नाही हे तो लहानपणीच शिकला होता.

मामाने घोडा सोडवला. त्याच्या नाकात तांदळाच्या दाण्याएवढी पिन बसवलेली असते, तीच पुढे जाऊन टोपीला टोचते. जुनी पिन बाहेर काढली तर तिचं टोक चेपून चपटं झालेलं. मग त्याने ड्रिलच्या दांड्याचा तुकडा दोन लाकडी फळ्यांत धरला, एका बाजूला पायाने दाबला आणि कानस चालवायला लागला. उजवा खांदा दुखत होता म्हणून डाव्या हाताने. दहा वेळा घासायचं, बोटाने चाचपायचं, जुन्या पिनेशेजारी धरून बघायचं, पुन्हा घासायचं. मी फळ्या धरून बसले. लहानपणी झाऱ्याचा दांडा बसवताना अशीच बसायचे. लोखंडाचा तोच वास होता, आणि मला एकदम फार बरं वाटलं.

बारीक कानस हवी म्हणून त्याने डबा उपडा केला. त्यातून एक चुन्याची डबी घरंगळली. त्याने ती उघडून माझ्या तळहातावर पालथी केली. तंबाखूच्या कागदात गुंडाळलेला एक वाकडा, काळपट तारेचा तुकडा.

“ही त्या दिवशीची पिन,” मामा म्हणाला.

मला कळेना. “ही तर छत्रीची काडी आहे.”

“हां. छत्रीचीच.”

मग कानस न थांबवता, माझ्याकडे न बघता, तो सांगू लागला. सामन्याच्या आठ दिवस आधी फटाकडी दोनदा फुकट गेली. त्याने उघडून पाहिली, पिन झिजलेली. मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर नवी मागवली असती, पण ती यायला महिना लागला असता, आणि त्या वर्षी डहाणूला दुसऱ्या शाळेचं पिस्तूल गेलं असतं.

“मना डहाणूला जायचं होतं,” मामा म्हणाला. “वरसातून एक दिवस सगळे माझ्या हाताकडं बघायचे. साहेब, सर, सगळे. म्हणून कोनाला सांगितलं नाय. छत्रीची काडी घासून घातली. पाड्यावर वाजवून बघितली, वाजली. डहाणूला नऊ रेस वाजली. धाव्वी तुझी. छत्रीचं लोखंड नरम. वाकली. मंग त्या पाच मिन्टात दगडानं ठोकून सरळ केली.”

कानस चालूच होती.

“हात वर केला, चाप ओढला, कावळे उडले नाय. मना तवाच कळलं. आनी तू तर सुटलीस. कटवर मीच शिकवलं ना तुला. दुसऱ्या कुठल्या शाळेची पोर सुटली नसती. पिन माझी, शिकवणी पन माझी. तुझी रेस मीच खाल्ली, पोरे.”

मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. नाकावर असणारा राग नेमका हवा तेव्हा कुठे जातो कोण जाणे. त्याऐवजी माझ्या तोंडून जे निघालं ते मी वडिलांनाही सांगितलं नव्हतं.

“मामा, मला दहाव्या पावलालाच कळलं होतं.”

त्याला ऐकू गेलं नाही. मी उठून त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि पुन्हा मोठ्याने सांगितलं. आवाज झाला नव्हता हे मला कळलं होतं. शेजारी कोणाची पावलं नव्हती. थांबता आलं असतं. पण मी थांबले तर फटाकडी फुकट गेली हे सगळ्या मैदानाला दिसलं असतं. मला पंधराव्या वर्षी वाटलं, की मी धावत राहिले तर ती वाजली असंच होईल. मामाची फटाकडी कधी फुकट जात नाही, असं आम्ही सगळ्या शाळांना सांगत फिरायचो.

मामाने कानस खाली ठेवली. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“म्हंजे तू माझ्यासाठी धावलीस?”

“हो.”

“वेडी हायस,” तो म्हणाला आणि लाल रुमालाने डोळे पुसले. “मंग तर उद्या वाजलीच पायजे.”

पिन उन्हं उतरायच्या आत बसली. दुसरी टोपी भरून त्याने कोंबड्यांकडे तोंड करून चाप ओढला. असा आवाज झाला की जीवनच्या हातातला चहा सांडला, कोंबड्या पंख फडफडवत माडीवर चढल्या आणि काळीमामीने आतून मामाचा उद्धार केला. मामाने आवाजाची चौकशी कोणाकडे केली नाही. कोंबड्या बघून मान हलवली. ओरखडा उठलेल्या टोपीवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणजे एकच उरली होती.

रविवारी सकाळी आठला तो मैदानावर आला. खाकी सदरा कुठून काढला देव जाणे, काखेत उसवलेला होता. डोक्याला लाल रुमाल. वसतिगृहाच्या मुली विहिरीवर कपडे धूत होत्या, त्या तशाच ओल्या हातांनी धावत आल्या. खेळाच्या बाई पंजाबी ड्रेसवर, अनवाणी, चुन्याच्या रेषेवर ओणव्या झाल्या आहेत, हे बघून त्यांच्यात जे खुसखुसणं सुरू झालं ते मी डोळे वटारूनही थांबेना. दोनशे मीटर मी आदल्या संध्याकाळीच मोजून ठेवले होते. मैदानाच्या पलीकडे भात कापलेल्या खाचरात बगळे टिपत उभे होते, पंधरा-वीस असतील.

मी मामाला विचारलं, “हात वर जाईल ना?”

“तू तुझं बग,” मामा म्हणाला.

त्याने डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला आणि हात वर ढकलला. खांद्यापर्यंत गेला, मग कानापर्यंत, मग ओठ चावून आणखी वर. सरळ झाला नाही, पण आभाळाकडे झाला. मग त्याने आधाराचा हात काढून घेतला.

“आनवरमार.”

मी बोटं मातीवर टेकली. मनाशी ठरवलं होतं, की या वेळी आवाज ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

“गेसेट.”

ठरवून काय होतं. पाय कटवरच उचलले गेले. पण कटच्या पाठोपाठ नाही, कटसकट, डोक्यावर तो मोठा आवाज फुटला आणि मी धावू लागले. मुली किंचाळत होत्या. मी पन्नास मीटर खरंच धावले, साठ मीटरही असतील. मग डाव्या गुडघ्यात कळ आली आणि मी थांबून, गुडघा धरून, मागे वळून बघितलं.

मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो खाचराकडे बघत होता. बगळे उठले होते, सगळेच्या सगळे, आणि मैदानावरून पांढरी रांग धरून ताडांच्या बाजूला चालले होते. मुली तर नुसत्या कटवरही धावतात. बगळे नुसत्या कटवर उठत नाहीत. त्याचा चेहरा मी इतका खूश कधी पाहिला नव्हता.

मग त्याने मान वळवली आणि मला थांबलेलं पाहिलं. त्याचा हात अजून वर होता. लांबूनही दिसत होतं, की तो कलायला लागला आहे, पिस्तुलासकट. एक मुलगी आधार द्यायला पुढे गेली तर त्याने तिला मानेनेच बाजूला केलं. काळीमामी कडेला उभी होती. ती साऱ्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “अरे हात खाली कर, खांदा मोडेल.” त्याला ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही.

मी वळले. लंगडत, अर्धी धावत, अर्धी चालत, उरलेलं अंतर कापायला लागले. शंभर मीटर. दीडशे. दोन मुली माझ्याबरोबर धावायला आल्या, त्यांना मी हाकलून लावलं. ही रेस माझी एकटीची होती, पहिल्यापासून. शेवटी रेष आली. मी छाती पुढे काढून ती ओलांडली आणि मागे वळले.

मामाने हात खाली घेतला.